शूटिंगच्या आधीचं शूटिंग

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनला जाऊन आले. विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र एवढी सामग्री त्यांनी तिथून मिळवली. सिनेमा काढायचा हे मनाशी पक्कं होतं. पैसे लावणारा माणूस मात्र मिळायचा होता, आणि मुंबईत राहून आपल्या हातून हलतं चित्र तयार होतं हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी पैसे देणार नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली. पडद्यावर वाटाणा बघता बघता अंकुरला आणि वर चढत गेला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छोट्या फिल्ममुळे भांडवलाची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

भारतीय कथापटाची सुरुवात अशी एका टेस्ट शूटने झाली आहे. त्यात न राजा होता, न तारामती, न स्मशान. पण कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडणं, ती कॅमेऱ्यात नीट बसवणं, प्रकाशाचा अंदाज घेणं, फिल्म धुणं, तिची प्रत काढणं आणि शेवटी ती प्रत पडद्यावर दाखवणं ही सगळी कामं त्या वाटाण्यावर एकदा पार पडली. भोकं पाडण्याचं आणि फिल्म धुण्याचं काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या, तेही घरातच. एखाद्या टप्प्यावर काही बिघडलं असतं तर नुकसान एका रोपाच्या चित्रणाचं झालं असतं. रंगरंगोटी करून उभ्या केलेल्या नटांचं आणि सेटचं नव्हे. टेस्ट शूटचा अर्थ मला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. गोष्टीला हात लावायच्या आधी, चित्र टिपण्यापासून ते पडद्यावर पोचवण्यापर्यंतचा सगळा रस्ता एकदा चालून यायचा.

आज कॉलेजातली मुलं शॉर्टफिल्म करतात तेव्हा बहुतेक वेळा टेस्ट होते ती वेगळीच. भाड्याने आणलेला कॅमेरा हातात आला की कॅम्पसमध्ये एक चक्कर होते. बोगनवेल, मित्राचं हसणं, पायऱ्यांवरचं मांजर, थोडं स्लो मोशन. कॅमेऱ्यामागच्या तळहाताएवढ्या पडद्यावर सगळं सुंदर दिसतं आणि कॅमेरा ‘ओके’ ठरतो. उत्साह खरा असतो, तो हवाच. पण या चक्करीतून फिल्मबद्दल काहीच कळत नाही, कारण काही विचारलेलंच नसतं. टेस्टला प्रश्न लागतो, आणि तो तुमच्या संहितेतूनच यावा लागतो.

सत्यजित राय यांच्यापुढे असा प्रश्न होता. ‘पथेर पांचाली’ खऱ्या गावात, खऱ्या पावसात, बरेचसे नवखे चेहरे घेऊन करायचा त्यांचा बेत होता, आणि स्टुडिओत मुरलेली माणसं सांगत होती की असं होत नसतं. छायाचित्रणाची जबाबदारी सुब्रत मित्र या एकविशीतल्या तरुणावर होती. त्याने स्थिरचित्रं काढली होती, ज्याँ रन्वार बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित करत होते तेव्हा ते काम जवळून पाहून प्रकाशयोजनेच्या आकृत्या काढल्या होत्या, पण सिनेमाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. मग या मंडळींनी एक जुना १६ मिमी कॅमेरा भाड्याने घेतला आणि पावसाळ्यात गाव गाठलं. आमराईतल्या अंधूक उजेडात, कोसळत्या पावसात आणि मावळतीच्या प्रकाशात शॉट घेतले. सगळे शॉट आले.

यात निवड पाहण्यासारखी आहे. भर दुपारच्या उन्हात शॉट येणारच होता. तो घेऊन त्यांनी फिल्म खर्ची घातली नाही. जिथे चित्र हातचं जाण्याची भीती सर्वांत जास्त होती, नेमक्या त्याच तीन जागा त्यांनी तपासल्या. विद्यार्थ्यांच्या टेस्टसाठी माझी पहिली सूचना तीच आहे. संहिता वाचताना ज्या ओळींवर पोटात गोळा येतो त्या ओळींखाली रेघ मारा. टेस्ट तेवढ्याचीच करायची.

आता एक कल्पित फिल्म घेऊ. पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात आजी आणि नातू राहतात. पहाट आहे. नातू नोकरीसाठी पहिल्यांदाच गाव सोडतोय. आजी स्वयंपाकघरात त्याला डबा बांधून देते, दोघं फारसं बोलत नाहीत, तो एसटीत बसतो, बस निघून जाते. सहा पानांची संहिता, दोन पात्रं. कागदावर याहून सोपं काही नाही.

पहिली रेघ ‘पहाट’ या शब्दाखाली. आपल्याकडे, विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या या पट्ट्यात, आकाश उजळू लागल्यापासून सूर्य वर येईपर्यंतचा कामाचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाही. खिडकीतून येणारा तो निळसर उजेड संहितेत दोन पानं टिकतो, प्रत्यक्षात दोन शॉट होईपर्यंत संपतो. म्हणून एका पहाटे त्याच स्वयंपाकघरात कॅमेरा तिवईवर लावा, ओट्यापाशी कोणाला तरी उभं करा आणि दर पाच मिनिटांनी अर्ध्या मिनिटाचा एकच शॉट घेत राहा. सेटिंग जी ठेवाल ती आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहून तो कागद प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर धरा. घरी जाऊन हे तुकडे ओळीने लावले की सगळं दिसतं: कितव्या मिनिटापर्यंत सावल्यांत नुसती खसखस आहे, कुठे चेहरा उमलतो, आणि कुठे खिडकी पांढरीफट्ट होऊन बाहेरचं पिंपळाचं झाड नाहीसं होतं. त्यानंतर निर्णय घेता येतो. प्रसंग तीन पहाटे वाटून करायचा, की खिडकीबाहेर दिवा लावून पहाट दिवसा तयार करायची, की दोन मोठे शॉट पहाटेचे ठेवून उरलेला प्रसंग बंद खोलीत न्यायचा. यातलं काहीही चालेल. टेस्ट न करता गेलात तर निवड करायला उसंत मिळणार नाही. उजेड ती करून टाकेल.

अंधारात सेन्सरची ताकद किती हेही इथेच कळतं. आयएसओ वाढवला की चित्र उजळतं आणि त्याबरोबर दाणेही वर येतात. प्रत्येक कॅमेऱ्याला एक मर्यादा असते, जिच्यापुढे सावल्यांचा काळा रंग जाऊन जांभळट धूर दिसू लागतो. ती मर्यादा कुठे आहे हे जाहिरातीत छापलेलं नसतं. ४००, ८००, १६००, ३२०० असे एकामागून एक शॉट, तीच चौकट, तोच चेहरा. दहा मिनिटांचं काम आहे. मग ठरवायचं की या फिल्ममध्ये अमुक आकड्याच्या वर जायचं नाही.

पहाटेच्या स्वयंपाकघरात आजी उठली की आधी दिवा लावणार. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकच्या ट्यूबचा आणि बऱ्याच स्वस्त एलईडींचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला तो अखंड वाटतो. कॅमेऱ्याचा शटर त्या लयीत बसला नाही की चित्रात पट्टे सरकू लागतात किंवा सगळी चौकट धडधडते. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवला तर सहसा सुटका होते. २४ चौकटींवर काम करायचं तरी शटर १/५० किंवा १/१०० वरच राहू द्यावा. मोबाइल स्वयंचलित ठेवला की तो स्वतःच शटर बदलत राहतो, त्यामुळे तिथे हाताने सेटिंग देणारं ॲप घ्यावं लागतं. आणि आजीच्या हातातून पडणारं पीठ १२० चौकटींत टिपून संथ दाखवायचं असेल तर त्या दिव्याखाली ते आधी टिपून बघाच. इथे हमखास घोटाळा होतो, आणि संकलनात त्यावर स्वस्तातला इलाज नाही.

ट्यूबचा पांढरा उजेड, देवघरातल्या बल्बचा पिवळा आणि खिडकीतला निळा असे तीन रंग एकाच चौकटीत आले तर चेहऱ्याचा रंग कोणता धरायचा? हे गणित कागदावर सुटत नाही. ज्या बाई आजीची भूमिका करणार आहेत त्यांचाच चेहरा समोर हवा. हा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, कारण आपल्या फिल्ममध्ये सावळ्या चेहऱ्यांवर फार अन्याय होतो. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप सगळ्या चौकटीचा उजेड एका मधल्या करड्या पातळीला आणू पाहतं. मागे चुन्याची पांढरी भिंत असली की ते भिंतीला सांभाळतं आणि सावळा चेहरा बुडवतं. मग रंगसंस्कार करताना तो ओढून वर आणला जातो, कातडीचा पोत जातो आणि माणूस राखेसारखा दिसतो. छायाचित्रण करणाऱ्या गोऱ्या मित्राला भिंतीपुढे उभं करून घेतलेली टेस्ट इथे काहीच कामाची नाही. ज्याचा चेहरा पडद्यावर दिसणार त्यालाच बोलवा, त्याच्या चेहऱ्यावरून उजेड मोजा आणि भिंत थोडी जळली तर जळू द्या.

कपड्यांचीही तपासणी याच फेरीत उरकते. आजीला खणाची चोळी आणि बारीक चौकड्यांचं लुगडं नेसवायचं ठरलेलं असतं; दिसायला फार छान. पण कापडाची बारीक वीण आणि सेन्सरवरची बिंदूंची जाळी एकमेकांवर आली की कापडावर इंद्रधनुषी लाटा सरकताना दिसतात. कॅमेरा दोन पावलं मागे घेतला तर त्या जातात, पुढे आला तर पुन्हा येतात. अंतर बदलता येणार नसेल तर लुगडं बदलावं. हे शूटिंगच्या सकाळी कळलं तर दुसरं लुगडं कुठून आणणार?

मग आवाज. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या फिल्म चित्रामुळे क्वचित पडतात. आवाजामुळे मात्र पुष्कळ पडतात. आणि आवाजाची टेस्ट तर जवळजवळ कोणी करत नाही. रेकीला जातात ते डोळे घेऊन. त्या स्वयंपाकघरात नुसते पाच मिनिटं कानाला हेडफोन लावून, रेकॉर्डर चालू ठेवून बसा. फ्रीज थोड्या थोड्या वेळाने गुरगुरतो. वरच्या मजल्यावर पंपाचं पाणी चढतं. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात, देवळातला लाउडस्पीकर सुरू होतो, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. एरवी मेंदू हे सगळं गाळून टाकतो, माइक गाळत नाही. टेस्ट ज्या वारी शूटिंग असेल त्याच वारी आणि त्याच वेळेला करा, कारण रविवारची गल्ली आणि सोमवारची गल्ली वेगळ्या असतात. फ्रीज आणि पंखा बंद करता येतो का, पंपाची वेळ सोसायटीशी बोलून बदलता येते का, हे आधी विचारून ठेवता येतं. शूटिंगच्या दिवशी ते विचारायला वेळ नसतो आणि शेजाऱ्यांच्या तोंडावर उत्साहही नसतो.

माइक किती लांब ठेवायचा याचीही परीक्षा तिथेच. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत त्यापेक्षा मोठं दुखणं घुमण्याचं. आजी हळू बोलणार, तेव्हा कॅमेऱ्यावर बसवलेला माइक तिचे शब्द खोलीच्या प्रतिध्वनीसकट आणून देईल. बूम हातात धरून चौकटीच्या अगदी कडेपर्यंत आणून बघा, पदराखाली लेपल माइक लावून बघा, कापडाची सळसळ येते का ऐका. जमिनीवर सतरंज्या आणि भिंतीला गोधड्या टांगून फरक किती पडतो तेही ऐका. आणि शेवटी, कोणीही न बोलता खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. संवादांमधल्या फटी तिनेच भरायच्या असतात.

बसच्या शॉटला वेगळी भीती आहे. बहुतेक मोबाइल आणि स्वस्त कॅमेरे चौकट एका दमात टिपत नाहीत, वरून खाली ओळीओळीने वाचतात. बस जवळून वेगात गेली किंवा तिच्यासोबत कॅमेरा झपकन फिरवला की तिच्या खिडक्या तिरक्या होतात, विजेचे खांब वाकतात. स्टँडवर जाऊन जाणाऱ्या दोन-तीन बस वेगवेगळ्या अंतरांवरून टिपल्या की सुरक्षित वेग आणि अंतर कळतं. स्टँडवर शूटिंगला लागणारी परवानगी हा मुद्दाही याच फेरीत समोर येतो, तो जितका लवकर येईल तितका बरा.

नटांची टेस्ट नाजूक असते. आपल्याकडची बरीच मुलं एकांकिकांतून येतात. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींनी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवलेलं असतं, आणि तीच कमाई क्लोज-अपमध्ये जड होते. नटाला तसं तोंडी सांगून उपयोग होत नाही, तो बावचळतो. एकच वाक्य लांबून, कमरेपर्यंत आणि चेहऱ्यावर असं तीनदा टिपा आणि फक्त त्याच्यासोबत बसून पाहा. युनिटच्या घोळक्यात दाखवू नका. भुवई किती उचलली की पुरे होतं हे तो स्वतः पाहील, आणि पुढे तुम्हाला कमी बोलावं लागेल.

एवढं झाल्यावर आणखी एक टेस्ट, जी मी सर्वांत वरची मानतो: अख्खी फिल्म मोबाइलवर उभी करणं. खरे नट नसले तरी चालतील, मित्र आजी होईल, रिकामी खोली वाडा होईल. शॉटच्या यादीप्रमाणे सगळं टिपा आणि जोडा. एक पान म्हणजे एक मिनिट या ढोबळ हिशेबाने सहा मिनिटांची ठरलेली फिल्म इथे नऊ मिनिटांची होऊन बसते, कारण आजीचं डबा बांधणं कागदावर एका ओळीत उरकलं होतं. बाहेर बघणारा नातू आणि त्याच्याकडे बघणारी आजी यांच्या नजरा जुळत नाहीत, हेही कळतं. कोणता शॉट लागतच नाही आणि कोणता घ्यायचं सुचलंच नव्हतं, ते कळतं. या कच्च्या जोडणीतून संहितेचा शेवटचा खर्डा निघतो.

टेस्टचं चित्रण कसं करावं याबाबत ऑर्सन वेल्स यांचं उदाहरण माझ्या मनात पक्कं बसलं आहे. १९४० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ‘सिटिझन केन’च्या कामाला त्यांनी सुरुवात केली ती स्टुडिओला ‘टेस्ट करतोय’ असं सांगून. पहिल्यांदा चित्रित झाला तो प्रोजेक्शन रूममधला प्रसंग: केनवरची बातमीफिल्म पाहून झाल्यावर अंधारात, धुरात बसलेले पत्रकार, मागून येणारा झोत. तो प्रसंग पुढे जसाच्या तसा फिल्ममध्ये राहिला. प्रत्येक टेस्ट फिल्ममध्ये वापरता येईल असं नाही, तसा हट्टही नको. पण प्रकाश, आवाज, चौकट ही सगळी खऱ्या शॉटइतक्याच काळजीने लावली तरच टेस्ट खरं उत्तर देते. ढिलाईने घेतलेल्या टेस्टमध्ये दिसणारा दोष कॅमेऱ्याचा की आपल्या हाताचा, हे कोणालाच सांगता येत नाही.

चित्रण कॅमेऱ्यातून काढल्यावरही टेस्ट संपत नाही, आणि बहुतेक जण नेमके इथे थांबतात. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलेलं फोर-के चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी जागा खातं. कार्ड किती लागतील, ते रिकामं करायला किती वेळ लागतो, दोन वेगळ्या डिस्कवर प्रत कोण करणार आणि तपासल्याशिवाय कार्ड कोण पुसणार नाही, हे आत्ताच ठरतं. ते तुकडे ज्या लॅपटॉपवर संकलन होणार त्यावरच घाला. तो अडखळत असेल तर हलक्या प्रतींवर काम करण्याची सवय आत्ताच लावा. मोबाइलवर टिपलेलं असेल तर सलग दहा मिनिटांचा एक शॉट घ्या, सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज त्याला जोडा. अनेक मोबाइल चौकटींचा दर मध्येच किंचित बदलतात. पहिली टाळी जुळते आणि शेवटची सरकते. तसं झालं तर शॉट लहान घ्यायचे, किंवा दर स्थिर ठेवणारं ॲप वापरायचं.

यानंतर दोन मिनिटांची जोडलेली, रंग आणि आवाज दुरुस्त केलेली फाइल तयार करून कॉलेजच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावा. मोबाइलवर तीक्ष्ण वाटलेला फोकस तिथे नाकावर असतो आणि डोळे मऊ असतात. लॅपटॉपच्या स्पीकरमधून न ऐकू येणारी फ्रीजची घरघर हॉलच्या स्पीकरमधून छातीत येते. काळोख ठेवलेला कोपरा करडा दिसतो. हा धक्का आत्ताच बसू द्या.

टेस्टलाही मर्यादा आहेत. ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाचा पहिला दिवस होता २७ ऑक्टोबर १९५२. काशफुलांच्या शेतातला अपू आणि दुर्गाचा प्रसंग अर्धा झाला. आठवड्याने सगळे परत गेले तेव्हा गुरांनी ती फुलं खाऊन टाकली होती, आणि उरलेला प्रसंग पुढच्या मोसमापर्यंत थांबला. गुरांची टेस्ट करता येत नाही. पण ज्यांना आपला कॅमेरा अंधूक उजेडात काय करतो हे ठाऊक होतं, त्यांना अशा दिवशी निदान एकाच संकटाशी लढावं लागलं.

टेस्टची तारीख शूटिंगच्या आदल्या दिवसाची नको. किमान आठवडाभर आधीची हवी, कारण त्यातून निघालेल्या कामांना वेळ लागतो: दुसरं लुगडं, दुसरी खोली, भाड्याचा वेगळा माइक, शेजाऱ्यांशी बोलणं, संहितेतलं एक पान काढून टाकणं. कॅमेरा भाड्याने घेणार असाल तर एक दिवसाचं जादा भाडं अंदाजपत्रकात पहिल्या ओळीतच लिहा. इतर खर्च कमी करायची वेळ आली तरी त्या ओळीला हात लावू नका. आणि फिल्म पूर्ण होईपर्यंत टेस्टच्या फाइली पुसू नका. रंगसंस्कार करताना त्या पहाटेचा खरा निळा कसा होता, हे पाहायला तेवढ्याच फाइली तुमच्याजवळ असतील.